म्हणे आमच्याकडे कुणी नादार नाही

नांदेडच्या एका व्याख्यानात परवा एका विद्वान गृहस्थांनी आकडे फेकले. अमेरिकेत २०२३ साली दिवाळखोरीचे साडेचार लाखांच्या आसपास अर्ज पडले. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला लाखभर माणसं कायद्याने नादार ठरतात. आणि आपल्याकडे? सामान्य माणसाच्या नादारीचा राष्ट्रीय आकडा औषधालाही सापडत नाही. त्यावरून त्यांनी तीन निष्कर्ष झटपट काढले. आपला माणूस घेतलेलं फेडतो, कारण संस्कार. नादारीचा कायदा सगळ्यांना खुला केला तर लोक बुडवायला शिकतील. आणि मराठवाड्यात काही अडलंच तर ते कर्जमाफीने सुटतं. टाळ्या पडल्या. अशा वाक्यांना त्या पडतातच.

आकडा का नाही, हे आधी पाहू. दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली. तिचा कंपन्यांचा भाग जोरात चालू आहे, आणि त्याची मोजणी दर तिमाहीला छापून येते. मार्च २०२४ अखेर साडेसात हजारांवर कंपन्यांची प्रकरणं दाखल झाली होती. ज्यांत तोडगा निघाला, त्यांत धनकोंच्या पदरात दाव्याच्या शंभर रुपयांतले बत्तीसच्या आसपास पडले. उरलेल्यावर पाणी सोडलं, त्याला ‘हेअरकट’ असं गोंडस नाव दिलं. तिथे संस्कारांची चौकशी कुणी केली नाही. याच संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांसाठी आहे. त्यातला कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरता तुकडा १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, बाकीचा पुस्तकातच राहिला. लातूरच्या डाळमिलवाल्याची भागीदारी, आडत्याची पेढी, उदगीरचा किराणा दुकानदार, कंधारचा शेतकरी, सगळे त्या न उघडलेल्या पानांत. त्यांच्यासाठी अजून १९२० चा जुना प्रांतिक कायदाच आहे. त्यात पाचशे रुपयांच्या देण्यावरही जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. पण त्या वाटेला जाणारा पक्षकार विरळा, आणि गेलाच तर त्याचा तिमाही अहवाल कुणी काढत नाही. ज्या अर्जाची खिडकीच उघडलेली नाही, त्या अर्जांची संख्या शून्य येणार. यात संस्कार कुठून आला?

पण माझा खरा राग याहून पुढचा आहे. नादारी आपल्याकडे मोजली जाते. फक्त ती भलत्यांच्या वह्यांत मोजली जाते.

पहिली वही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची. आत्महत्यांच्या कारणांत तिथे एक रकाना आहे, ‘दिवाळखोरी किंवा कर्जबाजारीपणा’. २०१८ साली त्यात ४,९७० माणसं, २०१९ साली ५,९०८, २०२० साली ५,२१३. वक्ते महाशयांना हवा असलेला वैयक्तिक दिवाळखोरीचा राष्ट्रीय आकडा हाच. तो मोजायला माणूस आधी मरावा लागतो, एवढीच अट.

दुसरी वही विभागीय आयुक्त कार्यालयाची. २०२३ साली मराठवाड्यात १,०८८ शेतकरी आत्महत्यांची नोंद झाली. नांदेडात १७५, लातुरात ७२. पण ही वहीसुद्धा गाळून घेते. मदतीला ‘पात्र’ ठरायचं तर जमीन स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, आणि वसुलीचा तगादाही हवा. ज्याने बिनपरवाना सावकाराकडून तोंडी व्याजावर पैसे उचलले, त्याचं कर्ज कागदावर नाही. म्हणून तो ‘अपात्र’. मेल्यावरही तो कर्जबाजारी सिद्ध होत नाही.

तिसरी वही पीककर्जाची, आणि ही मी फार जवळून पाहिली आहे. हंगामाच्या तोंडाशी सोसायटीचा गटसचिव किंवा बँकेतला ओळखीचा माणूस फोन करतो, ‘नवं-जुनं करून घ्या.’ जुनं कर्ज भरलं तर नवं मिळतं, मुदतीत भरलं तर व्याजही माफ. पण सोयाबीनला भाव नाही, घरात दाणा नाही, भरायचं कशानं? मग गावातलाच कुणी आठ दिवसांसाठी रक्कम देतो. सकाळी दीड लाख भरले जातात, चार दिवसांनी नवं कर्ज खात्यावर येतं, ती रक्कम तिथल्या तिथे देणाऱ्याच्या हातात जाते, वर त्याचं व्याज. शेतकरी बँकेच्या पायऱ्या उतरतो तेव्हा बियाण्यापुरतेही खिशात उरलेले नसतात. बँकेच्या वहीत मात्र तो नियमित कर्जदार. २०२२ मध्ये राज्याने नियमित परतफेड करणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन दिलं, त्यातही असा माणूस बसू शकतो. म्हणजे जो खरोखर नादार झाला, त्याचीच नोंद आदर्श ऋणको म्हणून. आणि व्याख्यानातला ‘घेतलेलं फेडणारा आपला माणूस’ तो हाच!

चौथी वही दुय्यम निबंधकाची. सावकार गहाण लिहून घेत नाही, खरेदीखत लिहून घेतो. पैसे परत दिलेस की उलट करून देतो, असं तोंडी. उलट होत नाही. सरकारी आकड्यांत तो जमिनीचा व्यवहार, मुद्रांक शुल्काचं उत्पन्न. २०१४ च्या सावकारी कायद्याने जिल्हा उपनिबंधक चौकशी करून अशी जमीन परत देऊ शकतो, पण त्यासाठी खरेदीखत हे कर्ज होतं हे सिद्ध व्हावं लागतं, आणि साक्षीदार सावकाराच्याच पारावर बसलेला असतो.

आणि व्यापारी? बाजार समितीच्या यार्डातली पेढी बसली की लोक म्हणतात, ‘त्यानं हात वर केले.’ शटर पडतं, माल घातलेले शेतकरी पोलीस ठाण्यात जातात, फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो. काही जण लबाड असतात, यात शंका नाही. पण तुरीचा भाव घसरला म्हणून बुडालेला आणि रात्री ट्रक भरून पळालेला, दोघांना एकच कलम. एक नादारी, एक चोरी, असं वेगळं करून सांगणारा मंचच नाही.

हा वाद जुना आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, तेव्हाही शहरातल्या शहाण्यांनी कुणब्याच्या उधळेपणावर बोट ठेवलं होतं. तरी १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांचा कायदा आला, त्यात शेतकऱ्याच्या नादारीचं वेगळं प्रकरण होतं आणि कर्जापायी होणारी कैद बंद केली होती. निजामाकडच्या आमच्या मुलखाला तो लागू नव्हता. दीडशे वर्षांनी आम्ही पुन्हा त्याच मुक्कामाला उभे.

लोक बुडवायला शिकतील, ही भीती कंपन्यांच्या बाबतीत कायद्याच्या आड आली नाही. तिचं एवढंच उत्तर.

कर्जमाफीचं म्हणाल तर २००८, २०१७, २०१९ अशा तीन पाहिल्या. कुठे कटऑफ तारीख, कुठे रकमेची मर्यादा, कुठे आधार जुळणी. ती बँकेच्या कर्जाची असते. बचतगटाचा हप्ता, फायनान्सची मोटरसायकल, पोराच्या लातूर पॅटर्नच्या शिकवणीची फी, ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, यांपैकी कशालाही ती शिवत नाही. नादारीचा कायदा सगळी देणी एका टेबलावर मांडतो. माफी त्यातलं एकच उचलते.

मग करायचं काय? तिसरा भाग लागू करा. त्यातली नव्या सुरुवातीची तरतूद गरिबांसाठी आहे, पण तिच्या मर्यादा वाचून हसू येतं: वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, देणं पस्तीस हजारांच्या आत, आणि स्वतःचं घर नको. पत्र्याची खोली असलेला मजूरही बाद. त्या मर्यादा वाढवा. व्यक्तींच्या प्रकरणांसाठी कर्जवसुली न्यायाधिकरण ठरवलं आहे, ते छत्रपती संभाजीनगरला. किनवटच्या माणसाने तारखेला तिथे जायचं म्हणजे आणखी एक कर्ज. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात अर्ज घ्या. आणि तालुकावार आकडे छापा, कंपन्यांचे छापता तसेच, दर तीन महिन्यांनी. पहिल्या वर्षी नांदेड-लातूरचा आकडा इतका फुगेल की महाशयांना पुढच्या व्याख्यानाचा विषय बदलावा लागेल.