बैठकीची खोली कोणासाठी?

घर बांधावयाचे म्हटले की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती बैठकीच्या खोलीची. बीड, परळी, अंबाजोगाई येथील नव्या वसाहतींतून हिंडून पाहावे. रस्त्याच्या बाजूची, सर्वांत प्रशस्त आणि हवेशीर जागा बहुधा पाहुण्यांसाठी राखलेली आढळते. छताला प्लॅस्टरची नक्षी, भिंतभर शोकेस आणि जड सोफासेट ही तिची आभूषणे. घरातील मुले मात्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली वही उघडून बसतात. ज्यांची उपजीविकाच विद्येवर चालते, त्या शिक्षक-कारकुनांची घरेही याला अपवाद नाहीत.

दुर्मिळ साधने आणि त्यांचे पर्यायी उपयोग यांचा विचार म्हणजे अर्थशास्त्र, असे लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली प्रतिपादन केले. घरातील जागा हे असेच दुर्मिळ साधन होय. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. त्यात बारा फूट लांब व बारा फूट रुंद अशी खोली केवळ बैठकीस दिली, तर निम्म्याहून अधिक घर तेथेच संपते. सोफ्याची किंमत दुकानदार सांगतो. त्याने अडविलेल्या जागेची किंमत कोणी सांगत नाही.

आपल्या वाडवडिलांना हा हिशेब कळत होता. माळवदाच्या घरात सतरंजी अंथरली की बैठक होई, ती गुंडाळली की तेथेच धान्य निवडले जाई, आणि रात्री अंथरुणे पडत. सामान कोनाड्यांत आणि खुंट्यांवर राही. मातीच्या जाड छतामुळे उन्हाळाही सुसह्य होई. अर्थात त्या घरांत उजेड बेताचाच असे. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे यांनीच हजारोंचे प्राण घेतले. तेव्हा माळवदाकडे परत चला, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. घ्यावयाची आहे ती एका जागेचे अनेक उपयोग करण्याची दृष्टी.

सजावटीचा पहिला रुपया म्हणूनच शोकेसवर खर्च होऊ नये. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. गच्चीवर चुन्याचा पांढरा थर, समोरासमोर खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीला सावली आणि आत फिकट रंग, हीच येथील खरी शोभा. त्यानंतर खिडकीपाशी लिहिण्याचे मेज, भिंतीत पुस्तकांचे फडताळ, आणि उरलेल्या जागेत घडी होणाऱ्या खुर्च्या.

यावर आक्षेप येईल की, सोयरीक जुळविण्यास मंडळी येतात तेव्हा चार गोष्टी नीटनेटक्या दिसावयास नकोत काय? जरूर दिसाव्यात. परंतु पुस्तकांनी भरलेले फडताळ आणि अभ्यासात गढलेली मुलगी पाहून ज्यांना घर दरिद्री वाटेल, त्यांच्याशी सोयरीक न जुळलेलीच बरी.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लक्षावधी माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेथे मुलांच्या हाती पुस्तक टिकणे ही मोठी कमाई आहे. ज्यांच्या पदरी दोन पक्क्या खोल्या आहेत, त्यांनी तरी घरातील सर्वांत उजेडाची जागा मुलांच्या अभ्यासाला द्यावी.