आधी वर्दी, मग नांगर

उष्ण समुद्रातल्या दूरच्या बेटांवर यॉट घेऊन जायचं, पांढऱ्या वाळूसमोर नांगर टाकायचा, गावातल्या लोकांना भेटायचं, त्यांच्या हातचं खायचं आणि पुढच्या बेटाकडे निघायचं, अशा पर्यटनाच्या जाहिराती आता मराठी घरांतही पोचल्या आहेत. ज्यांना परवडतं त्यांना फिजी खुणावतं, नाहीतर मालदीव, निदान लक्षद्वीप. गंमत अशी की अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यातल्या माणसाला बेटावर जायला विमान लागतच नाही. वर्सोव्याहून मढला, मार्वेहून मनोरीला, बोरिवलीहून गोराईला बोट जाते आणि गप्पा रंगायच्या आत पलीकडचा धक्का लागतो. मनोरी, कुळवे, गोराई, डोंगरी, उत्तन ही गावं ज्यावर वसली आहेत ते धारावी बेट. (झोपडपट्टीची धारावी वेगळी, १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतली ती ही.) पाण्यावरून येणाऱ्या पाहुण्याने गावाला विचारायचं की नाही, हा प्रश्न पॅसिफिकमधल्या बेटांपुढे आहे तसाच या खाडीपलीकडेही आहे. माझं म्हणणं असं की विचारलंच पाहिजे, आणि ते पाहुण्याच्या भलेपणावर न सोडता नियमात बसवलं पाहिजे.

फिजीत परदेशी यॉटला बाहेरच्या बेटांकडे जाण्यासाठी सरकारी परवाना लागतो, पण तो खिशात असूनही भागत नाही. गावासमोर नांगर टाकला की कप्तानाने किनाऱ्यावर उतरून थेट गावप्रमुखाकडे जायचं, कावा या मिरीच्या कुळातल्या झुडपाच्या वाळलेल्या मुळांची जुडी त्याच्यापुढे ठेवायची आणि येण्याची परवानगी मागायची. याला सेवूसेवू म्हणतात. भेट स्वीकारली गेली की पाहुण्याची जबाबदारी गावाने घेतली. पोहणं, वस्तीत हिंडणं हे त्यानंतर. पर्यटकाला हा गोड लोकाचार वाटतो, तो फोटो काढून मोकळा होतो. पण या रिवाजाच्या बुडाशी वहिवाट आहे. गावासमोरचा उथळ समुद्र आणि प्रवाळाचा पट्टा हे तिथल्या कुळांचं मासेमारीचं क्षेत्र मानलं जातं, म्हणजे पाहुणा पाण्यात असतानाच कुणाच्या तरी अंगणात आलेला असतो. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचे गुना लोक तर याच्याही पुढे गेले. १९२५ मध्ये त्यांनी सरकारविरुद्ध बंड केलं, पुढे स्वायत्त प्रदेश मिळवला, आणि आज त्यांची काँग्रेस, म्हणजे गावांच्या प्रतिनिधींची सभा, यॉटवाल्यांकडून नांगराचं शुल्क घेते, बाहेरच्याच्या हाती जमीन जाऊ देत नाही. यॉटवाले कुरकुरतात आणि येतात. अटी घातल्या की पाहुणे पळतात, हा धाक तिथे तरी पोकळ निघाला.

न विचारता आलेलं पर्यटन कसं असतं, ते पाहायला मुंबईबाहेर जायला नको. घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि गेटवेवरून तिथे बोटींची रीघ त्याच्याही आधीपासून लागलेली. पण बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तीन गावांत कायमची वीज आली २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून केबल टाकल्यावर. तोवर जनरेटर चालायचा, तोही संध्याकाळचे काही तास. इतकी वर्षं इतकी माणसं बेटावर उतरली, लेणी पाहून, मका खाऊन परतली; गावातल्या अंधाराशी त्यांचा संबंधच आला नाही, कारण शेवटची बोट तो पडायच्या आत सुटते. गोराईची गोष्ट याहून बोलकी. १९८९ मध्ये तिथे एस्सेलवर्ल्ड हे करमणुकीचं उद्यान उभं राहिलं. उपनगरातल्या शाळांच्या सहली पिढ्यान्‌पिढ्या लाँचने थेट उद्यानाच्या धक्क्यावर उतरायच्या आणि त्याच धक्क्यावरून परतायच्या. गोराई हे नाव सगळ्यांना पाठ झालं, गोराई गाव कुणी पाहिलं नाही. २०२२ मध्ये उद्यान बंद झालं. मालदीवने हीच रीत देशाचं धोरण म्हणून कित्येक वर्षं चालवली: रिसॉर्ट निर्मनुष्य बेटांवर, माणसं दुसऱ्या बेटांवर. वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहं काढायची मुभा गावकऱ्यांना मिळाली ती २००९ च्या सुमारास, म्हणजे तिथलं पर्यटन सुरू झाल्यावर जवळपास चार दशकांनी.

यावर म्हटलं जाईल की परवानगीची पद्धत आपल्याकडे आहेच. लक्षद्वीपला जायचं तर भारतीय नागरिकालासुद्धा १९६७ च्या नियमांनुसार प्रवेश परवाना लागतो. जेमतेम ३२ चौरस किलोमीटर जमीन, वस्तीची फक्त दहा बेटं, तेव्हा तो लागावाही. अंदमानात उत्तर सेंटिनल बेटाच्या आसपास फिरकायलाही बंदी आहे. पण हा परवाना देतो कोण? प्रशासन. २०२१ मध्ये लक्षद्वीपच्या प्रशासनानेच जमीन आणि बांधकामाविषयीच्या नव्या नियमावलीचा मसुदा आणला, तेव्हा बेटकऱ्यांना आंदोलन करावं लागलं. दारावरचा राखणदार घरमालकाला न विचारता दार उघडू लागला, तर राखणदार असून नसून सारखाच. आपल्या शहरात याचं भावंड म्हणजे ‘हरकती आणि सूचना’. आराखडा आधी तयार होतो, मग जाहिरात छापून येते, मग ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा. गोराई-उत्तनच्या पट्ट्यावर आधी विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, पुढे पर्यटन क्षेत्राचा आराखडा एमएमआरडीएकडे गेला. दोन्ही वेळा गावांना कळलं ते नकाशावर रंग भरून झाल्यावर, आणि दोन्ही वेळा लोक रस्त्यावर आले. लग्न ठरवून, मांडव घालून, मग मुलीला पसंती विचारण्यातला हा प्रकार.

विचारण्याचा फायदा एकट्या गावाला होतो असंही नाही. उत्तन, गोराई, मढच्या समुद्रात डोलजाळ्याची मासेमारी चालते. समुद्राच्या तळात कवी, म्हणजे खुंटे, ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं जाळं बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा त्यात यायचा. कुणाची कव कुठे हे वहिवाटीने ठरलेलं असतं. ते कुठल्या सरकारी नकाशात शोधून सापडायचं नाही, कोळ्यांच्या डोक्यात असतं. खाडीत बोकशी जाळी, खारफुटीच्या चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या धरणारी माणसं, कालवं काढणाऱ्या बायका. या पाण्यात यॉटचा तळ किंवा जेट स्कीचं केंद्र आखणाऱ्याला कोरा निळा रंग दिसतो, आणि पहिल्याच हंगामात कुणाचं तरी जाळं पंख्यात जातं. वरळीत नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. किनारी रस्त्याच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर धरलं होतं. एवढ्यातून होड्या सुखरूप जाणार नाहीत, असं कोळी सांगत राहिले, काम अडलं, आणि अखेर महापालिकेला एका गाळ्याचं अंतर १२० मीटर करावं लागलं. वरळी बंदरावर बसून हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, आणि ते फुकट कळलं असतं. गावाला विचारत बसलं तर विकास रखडतो, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

खरा कठीण आक्षेप वेगळाच आहे. समुद्रकिनारा सगळ्यांचा. रविवारी कांदिवलीच्या चाळीतलं कुटुंब डबा घेऊन मनोरीला गेलं, तर त्यांनी कुणाची परवानगी काढायची? अशी दारं घातली तर श्रीमंत पैसे मोजून आत जाईल आणि गरीब धक्क्यावर उभा राहील. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच रेघ दुसरीकडे ओढायला हवी. पायी येणाऱ्या, संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला कुणी अडवू नये. जो गावाचं पाणी, वाळू किंवा जमीन धंद्यासाठी वापरणार आहे, मग ती यॉट असो, जलक्रीडा असो, रिसॉर्ट असो वा चित्रीकरण, त्याने आधी गावाकडे वर्दी द्यावी आणि गाव घालील त्या अटी पाळाव्यात. मढ-एरंगळच्या किनाऱ्यावर बेकायदा उभ्या राहिलेल्या स्टुडिओंवर २०२३ मध्ये हातोडा पडला. पण ते डोळ्यांदेखत उभे राहत होते तेव्हा ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार गावातल्या कुणाकडेच नव्हता.

गाव म्हणजे तरी कोण? इथे भाबडेपणा नको. धारावी बेटावर हिंदू कोळी आहेत, ख्रिस्ती कोळी आहेत, १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलेला समाज आहे, आदिवासी पाडे आहेत आणि भाड्याने राहणारे नवे रहिवासीही. काहींना रिसॉर्ट नको; काहींनी स्वतःचेच बंगले पार्ट्यांना दिले आहेत. समुद्राच्या वाट्यावरून तर वसई-उत्तनच्या आणि सातपाटीच्या कोळ्यांमध्येच कवींचा वाद वर्षानुवर्षं चालला आहे. फिजीतही भेटीची जुडी प्रमुखाच्या घरात जाते, पुढचा वाटा सगळ्यांना मिळतोच असं नाही. पण मतभेद आहेत म्हणून विचारू नये, हे तर्कट उलटं आहे. मतभेद असतील तर ते मांडायला आणि मिटवायला जागा हवी, आणि नेमकी तीच इथे नाही. घारापुरी रायगडात आहे, म्हणून तिला ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा आहे. ग्रामपंचायत येणाऱ्या पर्यटकांकडून कर घेऊ शकते. गोराई आणि मनोरी मुंबई महापालिकेत, उत्तन मीरा-भाईंदर महापालिकेत. शहरात आली म्हणून या गावांनी ग्रामसभा गमावली. मार्च २०२२ नंतर मुंबईत सुमारे चार वर्षं नगरसेवकही नव्हते. त्या काळात गोराईचा कारभार विचारायचा तर प्रशासकाला. शहरांत ग्रामसभेसारख्या क्षेत्रसभेची तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात आणली, पण ती कागदावरून खाली उतरली नाही. तिचा पहिला प्रयोग करायला या बेटाइतकी सोयीची जागा नाही: हद्द पाण्याने आखलेली, गावं मोजकी, आणि मच्छिमार सहकारी संस्थांच्या रूपाने एकत्र बसून हिशेब करायची सवय आधीचीच.

गावाच्या हाती दिलं की काय होतं, याचा नमुना वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत आहे. तिथल्या स्वामिनी बचत गटाच्या कोळी बायका स्वतः होड्या वल्हवत पर्यटकांना खारफुटीतून फिरवतात. इंजिन लावायचं नाही, हा त्यांचा नेम. गोराईच्या खारफुटीत तसंच चालेल का, ते गोराईच्या बायकांनी ठरवावं. ठाण्या-मुंबईतल्या कचेरीत बसून त्याचा आराखडा काढणं म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

याला घाई आहे, आणि ती पुलाची. वर्सोवा-मढ पूल महापालिकेने हाती घेतला आहे. आज रस्त्याने वीस किलोमीटरहून जास्त पडणारा वळसा त्यामुळे दोनेक किलोमीटरवर येईल. मढच्या रुग्णाला, वर्सोव्याच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला हा पूल हवाच आहे, आणि तो मिळावा. पण आज बोट आहे म्हणून धक्का आहे, धक्का आहे म्हणून येणाऱ्याला निदान एक क्षण थांबावं लागतं, आणि तिकीट फाडणाऱ्याला कोण आलं ते दिसतं. पुलावर तसा धक्का नसेल. वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे निघालेल्या सागरी मार्गाची कामंही याच वर्षांतली. डांबर पडायच्या आधी गोराई-मनोरीची क्षेत्रसभा बसली, कवींच्या आणि बोकशींच्या जागा नकाशावर उतरल्या, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत पाण्यात काय चालेल आणि काय नाही हे गावाने लिहून दिलं, तर पुलावरून येणाऱ्या पहिल्या रिसॉर्टवाल्याच्या हाती देता येईल असा एक कागद तरी तयार असेल.