जुना लॅपटॉप, तुटणारे नेट



शहरातल्या मुलाने नवा घेतला की त्याचा जुना लॅपटॉप गावाकडच्या घरी येतो. सातबारा काढायला, पीकविम्याचा अर्ज भरायला, पोरांच्या अभ्यासाला तो पुरतोही. पण ऐन मुदतीच्या दिवशी अर्ध्या अर्जावर नेट तुटते आणि "घाला ते भंगारात!" असे घरात कोणीतरी म्हणतेच. तशी घाई करू नका.

विहिरीवरची मोटार पाणी उचलेना म्हणून आपण लगेच नवी मोटार आणत नाही. आधी वीज पाहतो, मग फ्यूज, स्टार्टर, केबल, फुटव्हॉल्व्ह. इथेही तसेच करावे. घरात वायफाय असेल तर लॅपटॉपशेजारी फोन ठेवा, त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि तोही त्याच वायफायला जोडा. फोनवरही काही उघडत नसेल तर लॅपटॉप निर्दोष आहे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावा. तरी भागले नाही तर नेटवाल्याला कळवा.

फोन नीट चालतो आणि लॅपटॉप मात्र अडखळतो, असे असेल तर डेटा चालणाऱ्या वायरने दोन्ही जोडा, फोनचा मोबाइल डेटा सुरू करा आणि सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. आता वायफाय मधे राहिलेच नाही. नेट न तुटता चालले, तर खोट लॅपटॉपच्या वायफायमध्ये आहे हे ठरले. मुदत आजच संपत असेल तर अर्ज असाच भरून टाका, दुरुस्ती उद्या.

आता खोट शोधू. लॅपटॉपचे झाकण मागेपुढे केल्यावर नेट येते-जाते का? बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफायची अँटेना पडद्याभोवती असते आणि तिची तार बिजागरीतून खाली जाते. उघडझाप होऊन ती झिजते. कारागिराला हे आधीच सांगा, म्हणजे तो भलतेच काही बदलायला निघणार नाही.

थोडा वेळ हात लावला नाही की नेट जाते? मग 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये वायफायच्या नावावर जाऊन 'पॉवर मॅनेजमेंट' उघडा आणि वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याच्या परवानगीपुढची खूण काढा.

फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसतच नसेल तर तो बहुधा ५ गिगाहर्ट्झवर असतो. कितीतरी जुन्या लॅपटॉपना २.४ एवढेच कळते. फोनमध्ये २.४ निवडा. हे २.४ भिंतीतूनही जास्त लांब पोचते. लोखंडी कपाट आणि पत्रा मात्र दोघांचेही वैरी.

आणि जोडणी दिसते, पण सरकारी संकेतस्थळ 'असुरक्षित' म्हणून उघडतच नाही, तेव्हा कोपऱ्यातली तारीख पाहा. आतला नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळाच्या ओळखीच्या दाखल्याला मुदत असते. चुकीच्या तारखेला तो खोटा ठरतो. तारीख दुरुस्त करा, सवडीने सेल बदला.

वायफायचे कार्डच गेले असेल तर यूएसबीत बसणारे छोटे डोंगल मिळते. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला, त्यामुळे काही नवी डोंगले त्यावर चालत नाहीत. लॅपटॉप दुकानात सोबत न्या, डोंगल तिथेच लावून पाहा आणि मगच पैसे द्या.