प्रोसेसर पळवावा काय?

हप्ते भरून घेतलेल्या संगणकाचा वेग घरीच वाढवतो, असे मुलगा म्हणाला तर करू द्यावे काय, असा प्रश्न आम्हांला दोन-तीन घरांतून आला. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ही खोड आजची नाही. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३०० ए निघाला. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर पुष्कळदा ४५० वर चाले. स्वस्तात महागाचा माल! मग पोरांनी का सोडावे?

खरी मेख आहे व्होल्टेजमध्ये. वेग टिकावा म्हणून ते वाढवले की उष्णता वाढते आणि आतल्या अतिसूक्ष्म तारांतले धातूचे अणू विजेच्या प्रवाहाबरोबर सरकू लागतात. तार झिजते. हे लगेच दिसत नाही. काही काळाने संगणक मध्येच बंद पडू लागतो, आणि दोष विंडोजला मिळतो. २०२४ साली इंटेलच्याच १३व्या व १४व्या पिढीतील काही प्रोसेसर जादा व्होल्टेजने बिघडले, तेव्हा कंपनीला हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

व्होल्टेजला हात न लावता, चांगला पंखा बसवून थोडा वेग वाढवला तर आयुष्य फारसे घटत नाही. पण त्यातून बिघाड झाला तर हमी सहसा मिळत नाही, हप्ते मात्र चालूच राहतात. म्हणून आम्ही म्हणतो, आधी पंख्यातली धूळ काढा, रॅम वाढवा, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. आणि जुना संगणक विकत घेताना तो असा पळवलेला होता काय, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा.