चिन्नोरचा सुवास आणि जुने बियाणे

चिन्नोर तांदूळ शिजू लागला की शेजारच्या घरालाही कळते. भंडाऱ्याच्या चिन्नोरला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपला गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता, तेव्हा हा मान थोडासा आपलाही आहे. पण तांदळाला असा सुवास येतो कोठून?

उत्तर मोठे गमतीचे आहे. सुवास येतो तो काही जास्तीचे मिळाल्यामुळे नव्हे, तर काही बिघडल्यामुळे!

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीची माहिती साठवलेली असते. तिला एक जाडजूड पुस्तक समजा. धानाच्या पुस्तकात सुमारे ३९ कोटी अक्षरे आहेत; अक्षरांचे प्रकार मात्र चारच. जनुक म्हणजे या पुस्तकातले एक वाक्य. दहा देशांच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे पुस्तक जवळजवळ पूर्ण वाचून काढले. त्यात भारताचाही वाटा होता. पण वाचणे वेगळे आणि अर्थ कळणे वेगळे. तुम्ही उर्दू माध्यमाची मुले. देवनागरी अक्षरे ओळखू लागलात, त्याच दिवशी मराठी समजू लागली काय?

अर्थ कळतो तो दोन प्रती शेजारी ठेवून. सुवासिक आणि साध्या तांदळाची तुलना करताना त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना दिसले की, सुवासिक तांदळाच्या एका जनुकातील आठ अक्षरे गळालेली आहेत. हे जनुक धड असले तर सुवासाचे द्रव्य साठत नाही. मोडले की साठते. बासमतीसह बहुतेक सुवासिक वाणांत हेच जनुक बिघडलेले आढळते. पुढे सुवासिक धानात ते धड जनुक घालून पाहिले, तर सुवास नाहीसा झाला. मग शंका उरली नाही.

पिढ्यान् पिढ्या या पुस्तकाची नक्कल उतरत असते आणि नक्कल करताना चुका होतात. एखादे अक्षर बदलते, काही गळतात, कधी एक वाक्य दोनदा लिहिले जाते. दोनदा लिहिलेले वाक्य पुढे नवे काम शिकू शकते. धानात असेच एक जनुक आहे. रोप पुरात बुडाले की ते वाढ थांबवते आणि साखर राखून ठेवते. म्हणून रोप सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. काही वाणांत हे जनुक नाहीच, काहींत आहे पण दुबळे. ओडिशातील शेतकऱ्यांच्या एका जुन्या वाणात मात्र ते जोरदार निघाले. २००६ मध्ये त्याचे काम सिद्ध झाले. नंतर संकर करून ते स्वर्णा या वाणात आणले गेले आणि २००९ मध्ये पूर सोसणारी स्वर्णा भारतात आली.

आता विचार करा. तो जुना वाण त्या शेतकऱ्यांनी टाकून दिला असता तर? सगळ्या प्रती सारख्याच असत्या, तर तुलना कशाशी केली असती?

आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत बांधी न् बांधी पाहा. बहुतेक ठिकाणी मोजकेच वाण दिसतात. जुने धान उंच वाढते, वाऱ्याने लोळते, उतारा कमी देते, असे शेतकरी सांगतात. ते खरे आहे आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. म्हणून सगळ्या शेतात जुने धान लावा, असे मी म्हणणार नाही. पण एक कोपरा त्याच्यासाठी ठेवायला काय हरकत आहे? तलावाकाठी उगवणारे जंगली धान तर लोक तण म्हणूनच पाहतात. त्याचे दाणे पिकताच गळून पडतात. आपल्या धानाचे दाणे कापणीपर्यंत लोंबीला टिकतात, यामागे एका जनुकातील अवघ्या एका अक्षराच्या बदलाचा मोठा हात आहे. २००६ मध्ये हे कळले, तेही जंगली धानाशी तुलना करूनच.

कोणी म्हणेल, दिल्लीत आणि फिलिपाईन्समध्ये शीतगृहांत हजारो वाणांचे बी जपून ठेवले आहे, मग आपण कशाला त्रास घ्यावा? ती गृहे हवीतच. पण थंडीत निजलेले बी बदलत नाही. शेतातले बी दरवर्षी आपल्या जिल्ह्यातला पाऊस, ऊन आणि कीड सोसते, आणि पुस्तकात नवे काही लिहिले जाते ते तेथेच.