मुळाशी जीव असतो

मे महिन्यात आमच्या करंजाडेतल्या मोकळ्या प्लॉटकडे पाहवत नाही. जमीन भेगाळलेली, गवत वाळून पिवळे. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की तीच जमीन हिरवी होते. मुले विचारतात, हे कोणी पेरले?

कोणी पेरलेले नसते. हरळीचे पान वाळते, पण मातीखालच्या पेरांत जीव राहतो. लव्हाळ्याची गाठही तशीच खाली टिकून असते. शिवाय गवताचे पाते शेंड्याकडून नव्हे, बुडाकडून वाढते. म्हणून शेळीने खाल्ले, विळ्याने कापले तरी ते पुन्हा फुटते. शेवळाचा कंद उन्हाळाभर जमिनीत निजून असतो. पावसाची चाहूल लागताच आधी फुलाचा कोंब वर येतो, पान मागाहून. डोंगरपाड्यांवरच्या आदिवासी भगिनी पनवेलच्या बाजारात जुड्या आणतात, त्या याच कोंबांच्या.

टाकळ्याचे निराळे. ते झाड वर्षाचेच. मरताना बी टाकून जाते. बियांचे कवच टणक असल्याने सगळ्या एकदम उगवत नाहीत. काही या पावसात, काही पुढच्या. एखादा पाऊस दगा देऊन गेला, तरी वंश बुडत नाही.

भगवान बुद्धांच्या संघाला हे ठाऊक होते. विनयपिटकात वनस्पतींच्या वाढीचे पाच प्रकार दिले आहेत: मुळापासून हळद-आले, खोडापासून वड-पिंपळ, पेरापासून ऊस-बांबू, शेंड्यापासून तुळशीच्या जातीची रोपे आणि बियांपासून धान्य. भिक्खू पावसाळ्यातही फिरतात, हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यावरून वर्षावासाचा नियम झाला, असे महावग्गात आहे. ज्या गवताकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, त्याच्यासाठी संघाने आपली चाल थांबवली!

आणि आम्ही काय केले? इमारतीमागे हातभर रुंदीची मातीची पट्टी होती. चिखल होतो, म्हणून बैठकीत पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले. आम्हीही मान हलवली. पुढच्या जूनमध्ये तळमजल्यावरच्या आजी ताटली घेऊन मागे गेल्या आणि तशाच परत आल्या. दरवर्षी त्या तिथला कोवळा टाकळा खुडून चार घरांना वाटायच्या. एक वेळची भाजी फुकटात व्हायची. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. आम्हाला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागले नाही.

करंजाडेची भातखाचरे जाऊन सिडकोचे सेक्टर झाले. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांना तिथे घर मिळाले, त्याची तक्रार नाही. पण जिथे माती उरली आहे, तिथे ती उघडी राहू द्या. भाजी खुडताना मूळ उपटू नका. काही झाडे फुलोऱ्यावर सोडा, म्हणजे बी पडेल. तणनाशकापासून जपा, ग्लायफोसेटसारखे औषध पानातून थेट मुळापर्यंत उतरते. वाळल्या गवताला काडी लावू नका. हरळी तगते, पण वर पडलेले बी आणि लहान रोपे जळतात.

वरचे पान गेले तर पुन्हा येते. मूळ आणि बी गेले, तर पाऊस कितीही पडो, उगवायचे कशातून? यंदाच्या बैठकीत चार ब्लॉक काढायचा विषय आम्ही मांडणार आहोत. तुमच्याही बैठकीत मांडून पाहा.