शर्यत येऊन गेली, आता आपल्या पोरांचं काय?



जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. १९ ते २३ तारीख, ४३७ किलोमीटर, देशोदेशीचे सायकलपटू. एक टप्पा तर सासवडहून निघून आपल्या बारामतीत संपला. त्यानिमित्तानं रस्ते गुळगुळीत झाले, हे मान्यच करायला पाहिजे. पण मोरगाव, सुपे, लोणी भापकरच्या पोरांच्या पदरात काय पडलं? टाळ्या वाजवायची संधी. बस्स?

इंग्लंडची एक गोष्ट सांगतो. ब्रायन रॉबिन्सन नावाचा यॉर्कशायरचा गडी, घरच्या बांधकामाच्या धंद्यात सुतारकाम करायचा. १९५५ मध्ये टूर डी फ्रान्सला ब्रिटनचे १० जण उतरले, शेवटपर्यंत पोचले दोनच. रॉबिन्सन २९ वा आणि टोनी होर सगळ्यांच्या शेवटी. तोपर्यंत एकाही ब्रिटिशानं ही शर्यत पुरी केली नव्हती. १९५८ मध्ये त्यानं एक टप्पा जिंकला, पुढच्या वर्षी दुसरा, तोही २० मिनिटांच्या फरकानं. आणि ब्रिटनला टूरचा पहिला विजेता मिळाला २०१२ मध्ये. म्हणजे ५७ वर्षांनी!

आता यातली आपल्या कामाची गोष्ट ऐका. १९५५ मध्ये रॉबिन्सनच्या पाठीशी होती हर्क्युलिस कंपनी. हो, तीच हर्क्युलिस, जिच्या कॅरिअरवर आपल्या आजोबांनी दुधाच्या किटल्या वाहिल्या. वर्षअखेरीस कंपनीनं हात काढून घेतला, तेव्हा या गड्याला युरोपातल्या संघांत जागा शोधावी लागली. मांड्यांत दम लागतोच, पण पाठीशी कुणीतरी उभंही लागतं.

आपल्याकडं दम नाही असं कुणी म्हणू नये. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीनं नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच एकट्यानं मारली. पण ही माणसं डॉक्टर. स्वतःची कमाई होती, म्हणून जमलं. शेतकऱ्याच्या पोरानं काय करायचं? शर्यतीची साधी सायकल घ्यायची तरी घरातली एक गाय विकावी लागंल. टूर डी फ्रान्समध्ये आजवर एकही भारतीय उतरलेला नाही आणि ऑलिंपिकच्या सायकलिंगमध्ये आपण १९६४ नंतर दिसलोच नाही. ते उगाच नाही.

पैलवानाला खुराक लागतो, हे आपल्याला पिढ्यानपिढ्या कळतं. जत्रेत इनाम लावतो, तालमीला वर्गणी देतो. बैलगाडा शर्यतीला तर विचारूच नका. मग सायकलवाल्या पोराला का नाही?

माझं म्हणणं तीन गोष्टींचं.

१) वर्षातून एका रविवारी पहाटे मोरगाव–बारामती रस्ता दोन तास बंद ठेवून तालुक्यातल्या शाळांची शर्यत घ्या. मुलींची वेगळी, आणि बक्षीस सारखंच.

२) साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांनी मिळून दरवर्षी दोन मुलं, दोन मुली दत्तक घ्याव्यात. सायकल, खुराक, प्रशिक्षक आणि बाहेरच्या शर्यतींचा खर्च. एका सत्काराच्या मांडवात यातलं बरंच भागतं.

३) हंगामात उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर सक्तीनं लावा. अंधारात ट्रॉली दिसत नसंल तर कुठली आई पोराला पहाटे सरावाला सोडंल?

रस्ता झालाय, तो चार पावसाळ्यांत उखडंल. त्याआधी त्यावर आपली पोरं पळायला पाहिजेत. पहिला विजेता यायला ५७ वर्षं लागली तरी चालंल, पण पहिला गडी तरी निघू द्या.

पटलं तर आपापल्या सरपंचाला, कारखान्याच्या संचालकाला पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.